दहा ओळींची जागा

सोसायटीच्या मीटिंगची वही बाळासोपुढं आली आणि त्याच्या हातानं आपणहून पानाच्या वरच्या दहा ओळी सोडल्या. पेन अकराव्या ओळीवर टेकलं आणि तिथंच अडकलं. वही नवी कोरी होती, पान पहिलं होतं, आणि नेहमीप्रमाणं वेळेच्या आधी येऊन बसल्यामुळं पहिली सहीही त्याचीच होती. "सही करा आधी, मग बसा निवांत," सेक्रेटरी म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं. गेली सहा वर्षं ते हेच म्हणत होते आणि बाळासो सही करून बसत होता. आज मात्र पेन पुढं जाईना. त्यानं त्या रिकाम्या ओळींकडं पाहिलं. कुणी न सांगता, कुणी न मागता, बोटांनी मोजून दहा ओळी सोडल्या होत्या. पोस्टातल्या रजिस्टरच्या काउंटरवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात आहे हा, कागद समोर आला की वर मथळ्याला जागा ठेवणार आणि मगच खाली उतरणार. मागं तिघं थांबले होते. एकाच्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती ठिबकत होती. बाळासोनं पेन उचललं आणि पानाच्या अगदी टोकाला, पहिल्या ओळीच्याही वर, सही कोंबली. "अहो, वर विषय लिहायचाय, जागा नको का?" सेक्रेटरी म्हणाले. "जागा कशाला पाहिजे? जागा कशाला पाहिजे तुम्हाला?" बाळासो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पार्किंगमध्ये मांडलेल्या सगळ्या खुर्च्या त्याच्याकडं वळल्या.

मग मीटिंग झाली. कुणाची मोटरसायकल कुणाच्या गाडीला घासली, टाकीचं झाकण कुणी उघडं टाकलं, अशोकाच्या झाडाच्या फांद्या छाटाव्या की झाडच काढावं. माणसं तावातावानं बोलत होती. एरवी बाळासोही बोलला असता. आज त्याला वाटत होतं, उठावं आणि एकेकाच्या कानाखाली वाजवावी. एका अशोकाच्या झाडासाठी ही माणसं तास घालवतात, आणि तिकडं शाहूवाडीत अख्खा सडा, वाडीच्या माथ्यावरचं पठार, खाणीत चाललाय. पण हा राग खरा नव्हता, हेही त्याला कळत होतं. खरा राग वर तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीवरच्या काचेच्या घोड्याखाली दाबून ठेवलेल्या एका झेरॉक्सवर होता, आणि तिच्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या त्याच्या आईवर होता. आणि या दोघांच्या पलीकडं जाऊन नीट बघायचं म्हटलं, तर तो आणखी एका माणसावर होता. पण तिकडं बाळासो अजून बघत नव्हता.

झेरॉक्स काल आकारामतात्यानं आणली होती. आकाराम म्हणजे बाळासोच्या गावचा, धुमकवाडीतला जुना शेतकरी, सत्तरीला टेकलेला, वरच्या आळीतला. बाळासोची आई तानूबाई खालच्या बौद्धवाड्यातली. दोघं मिळून एसटीनं कोल्हापूरला आले होते, वकिलाला भेटायला. कागद म्हणजे एक मेच्या ग्रामसभेचा ठराव. वर दहा ओळींत, मुंगीएवढ्या अक्षरात, शेवटची ओळ तर समासात दाबून बसवलेली: गावच्या सड्यावरील गटात बॉक्साईटचे खाणकाम करण्यास ग्रामसभेची हरकत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि खाली त्रेचाळीस सह्या. पहिली बाळासोची, त्याच्याखाली तानूबाईची, मग बौद्धवाड्यातल्या बायकांची, मग आकारामची, मग बाकीच्यांची. "सह्या आमच्याच हाईत," आकाराम म्हणाला होता, "पर आमी कंदी असा ठराव केला? सभेत नळाचं बोलणं झालं, शाळेच्या कौलाचं झालं. सड्याचं नाव बी कुणी काडलं न्हाय. आदी हजेरीच्या सह्या घेतल्या आन् वर काय पायजे ते लिवलं भडव्यांनी." ग्रामसेवकाची बदली झाली होती. सरपंचानं जेसीबी घेतला होता. आणि सोमवारी मलकापुरात सुनावणी होती.

आधी सही, मग बसायचं. ही शिकवण कुणाची, हे आकारामला पाठ होतं आणि त्यात त्याला दोष वाटत नव्हता. अख्ख्या वाडीला माहीत होतं, बाळासोनं शिकवलं. एकोणनव्वद साली ग्रामसभेत नळांची यादी झाली तेव्हा बौद्धवाड्यातली नऊ माणसं दाराजवळ बसली होती. त्यांची नावं वहीत घेतलीच नाहीत. मग यादीतून बौद्धवाड्याचा नळ गेला. तक्रार केली तर उत्तर आलं, सदर वस्तीतील एकही इसम सभेस हजर नव्हता. एकही इसम! बाळासोचा बाप त्या नऊ जणांत होता. तो पुढं दोन वर्षांनी गेला, पण जाईपर्यंत मधूनच म्हणायचा, "मी हुतो की रं तितं. मी हुतो." त्या शब्दांनी बाळासोला पेटवलं. साक्षरतेचं अभियान जिल्ह्यात आलं तेव्हा दर शनिवारी पोस्टातून सुटला की तो एसटी धरायचा आणि समाजमंदिरात कंदिलावर वर्ग घ्यायचा. बायकांना आधी अ आ नाही शिकवलं, आधी त्यांची नावं शिकवली. सभेला गेला की पहिल्यांदा वही मागायची, तो म्हणायचा. सही केल्याशिवाय खाली बुड टेकायचं नाही. सही झाली की तुम्ही हजर आहात, मग कुणाच्या बापाला म्हणता येत नाही की नव्हता. बायकांनी ते मंत्रासारखं धरलं. वरच्या आळीलाही ते पटलं. पुढं धुमकवाडीत पद्धतच पडली, सभा सुरू व्हायच्या आत वही भरलेली असायची. बाहेरून आलेले साहेब कौतुक करायचे, काय शिस्तीचं गाव आहे! आणि त्या शिस्तीत कुणीतरी भोक शोधलं.

मीटिंग संपवून तो वर आला तेव्हा तानूबाई नातीच्या, श्रुतीच्या कॉलेजचं हॉलतिकीट वाचत होती. "प-री-क्षा-र्थी-ने," ती म्हणत होती, "पुस्तके व वह्या बा-ळ-गू न-ये-त." वाचायला आल्यापासून या बाईनं जगात काही वाचायचं ठेवलं नव्हतं. एसटीत बसली की पाट्या, दुकानात गेली की खोकी, भडंगाच्या पुडीचा कागद उलगडून अर्धी बातमी. आणि मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. तिच्या लेखी वाचणं म्हणजे दुसऱ्याला ऐकू जाणं. एकदा बिंदू चौकात भिंतीवरची 'येथे लघवी करू नये' ही सूचना तिनं भर गर्दीत एवढ्या खणखणीत आवाजात वाचली होती की भिंतीशी उभ्या असलेल्या गृहस्थानं अर्ध्यात आवरतं घेतलं होतं. श्रुती हसून लोळली होती आणि बाळासो दहा पावलं पुढं निघून गेला होता, आपण यांच्यातले नव्हेच असा.

"आई, वकिलाचं काय ठरलं मग?" त्यानं चपला काढता काढता विचारलं, जणू त्याला माहीतच नव्हतं. माहीत होतं. काल तोही वकिलाकडं बसला होता. वकील म्हणजे उदयसिंह, तरुण, घाईतला, पण मनापासून गावाच्या बाजूनं उभा राहिलेला, फी न घेता. त्यानं प्रतिज्ञापत्रांचे मसुदे करून ठेवले होते, एकाच साच्याचे. मी निरक्षर असून, सदर कागदावर काय लिहिले आहे हे मला समजले नाही, मला हजेरीची सही म्हणून सांगण्यात आले. "वीस-पंचवीस बायकांनी एवढं म्हटलं की ठराव लटपटला," तो म्हणाला. "फक्त एक आहे आजी, निरक्षर म्हटल्यावर खाली सही नको. अंगठा पाहिजे. नाहीतर समोरचा वकील खदाखदा हसेल." बाकी बायकांनी गावातच अंगठे दिले होते. काही जणी रडल्या म्हणे, पण दिले. एकट्या तानूबाईनं शाईच्या डबीकडं पाहून हात पदराखाली घेतला. "मला वाचता येतंय," ती म्हणाली. उदयसिंहनं दोनदा समजावलं, मग हताश होऊन बाळासोकडं पाहिलं, तुमची आई आहे, तुम्हीच बघा.

"काय ठरायचं हाय?" ती आता म्हणाली. "मी अंगठा देत न्हाय."

"आई, सड्यासाठी म्हणून दे की. तुझा एक अंगठा झाला म्हणून काय तुझं लिहिणं-वाचणं पुसलं जाणार आहे?"

"मग तू दे."

"माझा कसा चालंल? मी पोस्टात आहे."

"मग तुज्या सईचं काय म्हनायचं त्यास्नी?" तिनं हॉलतिकीट खाली ठेवलं. "पयली सई तुजी हाय. तुला तर समजत हुतं. ल्योक समजून सई करतोय आन् त्येच्या खाली आई न समजता करतीय, व्हय रं?"

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, आमटी गरम करू का, आणि तो तिच्यावरच ओरडला, की दिसत नाही का बोलतोय ते. बायकोनं भांडं आपटलं. या घरात रागाला पाय फुटायला वेळ लागत नाही.

आईला ठाऊक होतं का? हा प्रश्न कालपासून दातात अडकलेल्या तंतूसारखा होता, जीभ फिरून फिरून तिथंच जायची. त्या दिवशी ती त्याच्या मागंच उभी होती. एक मे, शनिवार. सकाळी दहाला चावडीत सतरंजी पडली होती आणि ग्रामसेवक वही घेऊन हसत पुढं आला होता. "भाऊसाहेब, सुरुवात तुमच्या हातानं व्हऊ द्या, तुमीच शिकवलंय गावाला." बाळासोला ते आवडलं होतं. हे आता लपवून उपयोग नाही, त्याला ते फार आवडलं होतं. मतदारयादीत त्याचं नाव अजून धुमकवाडीतच होतं. ते त्यानं मुद्दाम हलवलं नव्हतं, गावाशी नाळ वगैरे म्हणून. त्यानं पेन घेतलं, ऐटीत, आणि वरच्या दहा ओळी सोडून अकराव्या ओळीवर सही केली. ग्रामसेवकानं सांगितलं नव्हतं जागा सोडायला. कुणीही सांगितलं नव्हतं. वर ग्रामपंचायतीचं नाव, तारीख, विषय असं काही येईल, मग पान कसं सुबक दिसेल, एवढंच त्याच्या हाताच्या मनात होतं. सुबक! त्याच्याखाली सगळं गाव सुबकपणे सह्या करत गेलं. दहा ओळी. तो नीटनेटका नसता, इतरांसारखा पानाच्या टोकापासून गिचमीड सही करणारा असता, तर त्या हरामखोराला ठराव लिहायला जागाच मिळाली नसती.

आणि पुढचं तर त्याहून. सभा दहाची, पण सरपंच आले नव्हते. साडेदहा झाले. अकरा झाले. बाळासोनं घड्याळ बघितलं. त्या दिवशी दुपारी त्याच्या पोस्टमास्तरसाहेबांच्या घरी जेवण होतं, मुलाला नोकरी लागली म्हणून, आणि साहेबांनी खास सांगितलं होतं, बोकड कापतोय, रस्सा गरम असतानाच या. पोस्टात वरच्या पदाची जागा रिकामी होणार होती, शिफारस साहेबांची होती. पण शिफारशीचं नाव तरी कशाला घ्या. बसमधून उतरून साहेबांच्या घराच्या जिन्याशी पोचला तेव्हा मसाल्याचा वास आला आणि तो दोन-दोन पायऱ्या चढला होता. अकरा वाजता आकाराम त्याला म्हणाला, "बसा की मास्तर, येत्यालच सरपंच," आणि बाळासो म्हणाला, "तुम्ही आहात की तात्या, सही केलीय मी." सही केलीय मी. बापाला म्हणायचं होतं की मी होतो, आणि कुणी म्हणू दिलं नाही. हा नव्हता, आणि याची सही पानाच्या शिरावर आहे.

हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर गाव काय म्हणेल, हे त्याला आरशात दिसावं तसं दिसत होतं. गाव म्हणणार नाही की चुकला. चूक गावाला कळत नाही, गावाला सौदा कळतो. पहिली सही यानं केली, जागा यानं सोडली, आणि सभा सुरू व्हायच्या आत हा निघून गेला. तर मग किती घेतलं रे यानं? सरपंचानं जेसीबी घेतला, यानं काय घेतलं? फ्लॅट कसा झाला याचा? फ्लॅट सहा वर्षांपूर्वीचा होता, पण हे कोण मोजत बसणार. मटण खायला गेलो होतो, हे तर कुणी शेंबडं पोरसुद्धा खरं मानणार नाही. आणि मानलं तर ते आणखी वाईट. पंधरा वर्षं ज्या गावात मास्तर म्हणवून घेतलं तिथं पुन्हा पाऊल ठेवायची सोय राहणार नाही. म्हणून अंगठे बरे होते. सगळ्या बायका निरक्षर ठरल्या, ठराव पडला, की वरच्या जागेचा विषयच निघणार नव्हता. एकटी आईच तेवढी साक्षर राहायला बसली होती.

सोमवारी सकाळी एसटीत ती खिडकीशी बसली आणि तो तिच्या शेजारी. केर्ली मागं पडली, डावीउजवीकडं ऊस, दूर जोतिबाचा डोंगर. पोस्टातून त्यानं रजा घेतली होती, कारण 'घरगुती' असं लिहिलं होतं. शाईची डबी त्याच्या खिशात होती. उदयसिंहनं जाताना दिली होती, बसमध्ये तरी घ्या अंगठा, तिथं वेळ मिळणार नाही. ती डबी मांडीला टोचत होती. "वा-घ-बी-ळ," तानूबाई वाचत होती. "वाहने सा-व-का-श चालवा." पुढच्या बाकावरचा एक पावणा मागं वळून हसला. बाळासोला वाटलं, आपण या बाईला वाचायला शिकवलं त्या कंदिलातलं रॉकेल त्याच दिवशी संपलं असतं तर.

"आई, ऐक. बायका समद्या अंगठं देऊन बसल्यात. तू एकटी सही म्हणालीस तर त्यांचंही खोटं ठरंल."

"त्येंचं खोटंच हाय की."

"अगं पण चांगल्यासाठी!"

"आरं, तीन म्हैनं त्या सईला घातलं मी," ती म्हणाली. "खुरपं धरायचा हात. त वळायचा न्हाय मला. पाटीवर, चुलीच्या राखंत, भाकरीच्या पिठात. आता म्हनायचं मला काय येत न्हाय? कुणास्नी म्हनायचं, तर साहेबास्नी. साहेबास्नी ते ऐकायला लई आवडतंय."

खिडकीतून वारा येत होता. तिचा खरा जीव सड्यात होता, हे त्याला ठाऊक होतं, त्याच्याहून जास्त. त्यामुळंच तिचा हा हेका त्याला समजत नव्हता. सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं जांभ्याचं सपाट पठार, कोसभर लांब. सातबाऱ्यावर सरकारचं नाव, पण गवत वाडीचं, पाणी वाडीचं. सड्याच्या पोटातून तीन झरे निघतात, त्यावर सगळं गाव. पूर्वी दसऱ्याच्या आत सड्याच्या गवताला विळा लावायचा नाही अशी रीत होती, आणि ते राखायचं काम महारवाड्याचं. बाळासोच्या आज्याकडं. उन्हापावसात रात्रंदिवस वर बसायचं आणि बदल्यात खळ्यावरची झाडझूड. छप्पन साली आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्याबरोबर काठीही टाकली. बरोबरच केलं. मग सडा कुणाचाच राहिला नाही. पंचवीस-तीस वर्षांत खरवडून टकला झाला, उन्हाळ्यात झरे आटायला लागले. त्र्याण्णव साली आकारामतात्या बौद्धवाड्यात आला, तानूबाईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, तानूआक्का, राखण पुन्हा धरायला पायजे. ती म्हणाली, "धरू की. पर पाळीनं. समद्या घरांनी. तुमच्या बी." तात्यानं मान खाली घातली, मग म्हणाला, "पयली पाळी माजी." तेव्हापासून रोज दोन घरं, एक वरलं एक खाललं, काठी घेऊन सड्यावर. बायकांनी चर खणले, पाणी वळवलं. आता मे महिन्यातही झरा वाहतो, आणि वाडीतनं डेअरीचे चार कॅन जातात. सरकारचा एक पैसा नाही, कुणा संस्थेची पाटी नाही. बाळासो हे पोस्टात सगळ्यांना सांगायचा, छाती पुढं काढून. स्वतः त्यानं एकही पाळी केली नव्हती. तो आपला शनिवारचा मास्तर.

बांबवडे गेलं तरी डबी खिशातच राहिली.

सुनावणी मलकापुरातल्या एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर थर्माकोलचे मोर तसेच होते, कुणाच्यातरी लग्नातले, आणि त्यांच्यापुढं टेबल टाकून सुनावणी घेणारे साहेब बसले होते. एका बाजूला खाणीच्या कंपनीचे तिघं, चकचकीत फायली घेऊन, दुसऱ्या बाजूला उदयसिंह. खाली सगळी धुमकवाडी, फेटे, पदर, दोन्ही आळ्या एकात मिसळून. बाळासो मुद्दाम मधल्या रांगेत, खांबाच्या आड बसला. कंपनीच्या वकिलानं ठराव वाचला. उदयसिंह उठला, प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा पुढं केला. कंपनीच्या वकिलानं वरची दोन चाळली आणि हसला. "साहेब, हेच ते गाव, जे शंभर टक्के साक्षर म्हणून जिल्ह्यात सत्कार घेऊन आलंय. आता पंचवीस बायका एकदम निरक्षर झाल्या?" हॉलमध्ये गडबड झाली. पुढच्या रांगेत बयाबाईनं, जिनं गावात रडत अंगठा दिला होता, पदर तोंडावर ओढला. उदयसिंह काहीतरी म्हणत होता, पण साहेबांनी गठ्ठा बाजूला सारला होता. बाळासोनं ते सारणं पाहिलं. सडा गेला, त्याला वाटलं. एवढ्या बोटभर सरकण्यात गेला. आणि त्याही क्षणी, मेल्याहून मेल्यासारखं, त्याला जरा हायसं वाटलं, की आता संपेल आणि कुणी काही विचारणार नाही.

"मी बोलतो," तानूबाई उभी राहिली.

"नाव?"

तिनं सांगितलं. "आन् मला वाचता येतंय," ती म्हणाली. साहेबांनी समोरची फाईल उलटी करून दाखवली, यावर काय आहे? तिनं डोळे बारीक केले. "त-ह-सी-ल... खाली गोंदलंय, लागत न्हाय. तुमचं अक्षर खराब हाय सायेब." लोक हसले. साहेबही हसले. "ती सई माजी हाय," ती पुढं म्हणाली. "माज्या हातची, खरी. पर मी सई केली तवा वर काय बी लिवलेलं न्हवतं. कोरं हुतं. ज्येला वाचता येत न्हाय त्येला काय कळणार कोरं हुतं का भरल्यालं. मला येतंय म्हनून सांगतो. वर काय असतं तर मी वाचलं नसतं व्हय? मी संडासाची पाटी सोडत न्हाय."

उदयसिंहच्या तोंडावर काहीतरी उमटलं. हा मुद्दा त्याच्या साच्यात नव्हता. साहेबांनी लिहायला घेतलं. बाळासो खांबाच्या आणखी आड सरकला. कारण पुढचा प्रश्न काय येणार हे त्या हॉलमध्ये दोघांनाच कळलं होतं, त्याला आणि कंपनीच्या वकिलाला.

"आजी," तो वकील गोड आवाजात म्हणाला, "पान कोरं होतं म्हणता. मग पहिली सही अकराव्या ओळीवर कशी? कोऱ्या पानावर माणूस वरून सुरुवात करतो. वर ठराव होता, म्हणूनच सह्या खाली आल्या. नाहीतर मला सांगा, एवढी जागा सोडली कुणी?"

तानूबाईनं टेबलावरच्या ठरावाकडं पाहिलं. क्षणभरच. बाळासोला वाटलं, ती विसरली असेल. मग वाटलं, आई आहे, लेकरासाठी गिळेल. तिनं पदर खांद्यावर ओढला, मागं वळली, रांगा धुंडाळल्या, खांबाशी थांबली आणि हात लांब केला. "त्यो काय," ती म्हणाली, "खांबामागं बसलाय. माजा ल्योक. पयली सई त्येची. त्येनं जागा सोडली. त्येला इचारा."

सगळ्या माना वळल्या. आकारामची आधी. बाळासोला तिचा असा संताप आला की डोळ्यांपुढं थर्माकोलचे मोर हलायला लागले. ही कसली आई, हिला एवढं कळू नये, एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं, कुणी शिकवलं हिला वाचायला, कुणी शिकवलं हिला उभं राहून बोलायला, कुठल्या गाढवानं? गाढव खांबाच्या आड बसलं होतं. तिचा हात अजून तसाच होता, लांब, खुरप्याचा, त वळायला तीन महिने लागलेला. "उठ की रं," ती म्हणाली. रागानं नाही. सभेत दाराशी बसलेल्या माणसाला आत बोलवावं तसं.

तो उठला. "व्हय," तो म्हणाला, आणि पोस्टातली बावीस वर्षांची भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. "जागा मी सोडली. कोरं पान हुतं. सही केली आन्... सभंला न बसता गेलो." साहेब कानाला हात लावून पुढं वाकले.

"मोठ्यानं बोल की!" आकारामतात्या ओरडला, आणि आज पहिल्यांदाच मास्तर म्हणाला नाही. "मागं ऐकू येत न्हाय!"

बाळासोनं ते सगळं पुन्हा सांगितलं, मागच्या भिंतीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. दुसऱ्यांदा सांगताना त्यानं मटणाचंही सांगितलं.